ड्रॅक्युला भरदुपारी फिरतो, त्यात काय झालं?

मागच्या दिवाळीत भाचा राहायला आला होता. चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आम्ही फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा १९९२चा 'ड्रॅक्युला' लावला. पडद्यावर लंडनचा गजबजलेला रस्ता, घोडागाड्या, आणि त्या गर्दीतून झकास सूट, उंच टोपी आणि रंगीत काचांचा चष्मा चढवून ड्रॅक्युला महाशय निवांत चाललेले. भाच्याने हातातली चकली खाली ठेवली. "मामा, थांबव जरा. हे दिवसा चाललंय ना? मग हा जळाला कसा नाही? एवढी मोठी चूक कशी करतात हे लोक?"

मी म्हटलं, तू चकली मोडत होतास तेव्हाच निवेदकाने सांगितलं की पिशाच दिवसाही हिंडू शकतं, फक्त त्या वेळी त्याची ताकद ओसरलेली असते. पण ऐकतो कोण! "काहीतरीच. व्हॅम्पायर उन्हात मरतात, हे सगळ्यांना माहितीये."

हे जे 'सगळ्यांना माहितीये' आहे ना, ते ब्रॅम स्टोकरला माहीत नव्हतं. 'ड्रॅक्युला' ही त्याची मूळ कादंबरी १८९७ साली आली. तिच्यात २२ सप्टेंबरच्या नोंदीत मीना आणि तिचा नवरा जोनाथन हार्कर पिकॅडिलीतून चाललेले असताना जोनाथन एकदम तिचा दंड घट्ट धरतो. समोर ड्रॅक्युला उभा असतो. दिवसाढवळ्या, दुकानाबाहेर गाडीत बसलेल्या एका मोठ्या हॅटवाल्या सुंदर मुलीकडे टक लावून. पुढे ३ ऑक्टोबरला पिकॅडिलीतल्याच त्याच्या घरात झटापट होते, तीही उजेडातच. जोनाथन त्याच्यावर वार करतो, वार कोटावर बसतो आणि फाटलेल्या कोटातून नोटा आणि सोन्याची नाणी खाली सांडतात. काउंट, म्हणजे ड्रॅक्युलाच, वाकून मूठभर पैसे उचलतो आणि खिडकीची काच फोडून अंगणात उडी मारतो. पळता पळता पैसे उचलणारं पिशाच! ऊन त्याचं काही वाकडं करत नाही.

उन्हाने पिशाच मरतं हा नियम आला २५ वर्षांनी, मुर्नाऊच्या १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. तो चित्रपट स्टोकरच्या कादंबरीवरच बेतलेला होता, पण परवानगी घेतलेली नव्हती. म्हणून नावं बदलली, शेवट बदलला. नायिका काउंट ऑर्लोकला, म्हणजे यातल्या ड्रॅक्युलाला, पहाटेपर्यंत आपल्याजवळ थांबवून ठेवते, कोंबडा आरवतो आणि सूर्याच्या पहिल्या किरणात तो विरून जातो. स्टोकरच्या विधवेने, फ्लॉरेन्सने, दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर तो नियमही वाचला. कानामागून आला आणि तिखट झाला. आता मूळ पुस्तकाशी इमान राखणाऱ्या प्रसंगालाच लोक चूक म्हणतात, आणि चोरीच्या चित्रपटातली सोय हा शास्त्राधार ठरतो.

गंमत अशी, की खुद्द 'नोस्फेराटू'तले रात्रीचे बरेचसे प्रसंग भर उजेडात चित्रित केलेले आहेत. त्या काळी रात्र दाखवायची तर फिल्मला निळा रंग देत. पुढे रंग नसलेल्या प्रती फिरल्या आणि त्यांत ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखेत मारून लख्ख उन्हात, सावलीसकट, गावातून चालताना दिसतो. ज्याला ऊन मारणार आहे तोच उन्हात! यावरही वाद झालेच. खरी चूक कोणाची, तर प्रत काढणाऱ्याची.

कथानकातल्या विसंगतींवर चाहते हिरिरीने भांडतात तेव्हा 'चूक' हा एकच शब्द ते तीन वेगळ्या तक्रारींसाठी वापरतात, असं माझं म्हणणं आहे. चित्रपट पुस्तकासारखा नाही, ही एक तक्रार. आमच्या डोक्यात पिशाच जसं बसलंय तसं हे नाही, ही दुसरी. भाच्याची तक्रार ही दुसरी. आणि कथेने स्वतः दिलेला शब्द स्वतःच मोडला, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारींवर रात्री जागवल्या जातात, आणि तिसरी कोणी नीट मांडतच नाही. माझ्या मते दाद मागावी ती फक्त तिसरीसाठी.

आता कोणी म्हणेल, मुळात पिशाचच नसतं; मग जे नाहीच ते उन्हात जळलं काय आणि नाही जळलं काय! हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. वास्तववादी कादंबरीत लेखकाच्या मदतीला जग उभं असतं. पुण्याहून मुंबईला जायला किती वेळ लागतो ते वाचकाला ठाऊक असतं. पिशाचाच्या गोष्टीत लेखकाजवळ त्याने स्वतः घालून दिलेल्या नियमांशिवाय दुसरं काहीच नसतं. विक्रम-वेताळाचीच गोष्ट घ्या. बोललास तर मी उडून जाईन, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. एवढ्या दोन अटींवर सगळी माळ ओवलेली आहे. एखाद्या रात्री विक्रम बोलूनही वेताळ खांद्यावरच बसून राहिला असता, तर पुढची गोष्ट कोणी ऐकली असती? (रिचर्ड बर्टनने १८७०मध्ये या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. आपला वेताळ रक्ताला तोंड लावत नाही, कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो देवळात बसलेला राखणदार आहे. पण हा बर्टन स्टोकरच्या ओळखीचा होता, आणि बोलताना त्याचा वर उचललेला ओठ आणि सुळा दिसायचा हे स्टोकरने पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. तेव्हा संबंध अगदीच बादरायण नाही.)

म्हणजे नियम हवेत, आणि ते पाळलेही पाहिजेत. पण मग स्टोकरने तरी पाळले का?

नाही पाळले. आणि इथे पुस्तकावर जीव टाकणाऱ्यांची पंचाईत होते. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग पानामागून पान सांगतो की अशा जिवाला संपवायचं तर छातीत खुंटा ठोकायचा आणि मुंडकं धडावेगळं करायचं. मीनाची मैत्रीण ल्यूसी पिशाच होते, तिच्या बाबतीत हे सगळं विधिवत पार पडतं, वाचवत नाही इतकं विधिवत. आणि खुद्द ड्रॅक्युलाचा शेवट? ६ नोव्हेंबर, बर्फ पडतंय, सूर्य टेकलाय. जोनाथनची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते, क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत घुसतो, आणि काउंटची माती होते. खुंटा नाही, मंत्र नाही, काही नाही. नेपाळी गोरख्यांचं हत्यार आणि अमेरिकन शिकाऱ्याचा सुरा, एवढ्यावर चार शतकांचा कारभार आटोपला.

यावर शंभर वर्षं काथ्याकूट चाललाय, आणि तो मला मनापासून आवडतो. तो मेलाच नाही, असं म्हणणाऱ्यांचा पुरावा तगडा आहे. एक तर पोलादी सुऱ्याने तो मरतो असं पुस्तकात आधी कुठेच म्हटलेलं नाही. दुसरं, वार होण्याच्या क्षणी मावळता सूर्य पाहून त्याच्या डोळ्यांत विजयाची चमक आलेली असते, आणि सूर्यास्ताच्या नेमक्या वेळी त्याला रूप पालटता येतं हे व्हॅन हेल्सिंगनेच सांगून ठेवलंय. तिसरं सगळ्यात भारी. तो धूळ होऊन चांदण्याच्या किरणांवरून येऊ शकतो, हेही याच महाशयांचं वाक्य. मग जी माती झाली ती मरणाची की पलायनाची? आता दुसऱ्या बाजूचा वकील उठतो. मीनाच्या कपाळावर पवित्र भाकरीच्या स्पर्शाने उमटलेला डाग त्याच क्षणी नाहीसा होतो. तो डाग म्हणजे काउंटची तिच्यावरची सत्ता. सत्ताधीश जिवंत असता तर डाग गेला नसता. मी या दुसऱ्या वकिलाच्या बाजूचा आहे. कारण शस्त्राचा नियम मोडला तरी स्टोकरने मोठा शब्द पाळला. मीना सुटेल की नाही, या प्रश्नावर त्याने शेवटची शंभर पानं वाचकाला टांगून ठेवलं होतं, आणि त्याचं उत्तर तो देतो.

कादंबरीत तारखांचाही घोळ आहे. व्हॅन हेल्सिंग बोलता बोलता शार्को या फ्रेंच डॉक्टरचा उल्लेख 'हाय, आता तो राहिला नाही' अशा अर्थाने करतो. शार्को वारला ऑगस्ट १८९३मध्ये. म्हणजे कथा १८९३ किंवा त्यानंतरची. शेवटच्या टिपणात जोनाथन लिहितो की या सगळ्याला सात वर्षं झाली. झाली का बेरीज? निदान १९००. आणि पुस्तक बाजारात आलं १८९७ला! ज्याने हे पहिल्यांदा पकडलं असेल त्याला माझा नमस्कार, पण त्याने कथेचा केसही वाकडा होत नाही. ल्यूसीला चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त चढवतात आणि त्या रक्ताने ती दगावत नाही, यावर आजचे वैद्यकीय विद्यार्थी कपाळाला हात लावतात. पण रक्तगटांचा शोध लागला १९०१ला, स्टोकर काय भविष्य वाचणार होता?

शिवाय पुस्तकाने स्वतःच कबुली देऊन टाकलीय. डायऱ्या, पत्रं, तारा, जहाजाची नोंदवही, मेणाच्या नळ्यांवर बोललेली रोजनिशी हे सगळं मीना टंकयंत्रावर उतरवून काढते. मूळ कागद काउंट जाळून टाकतो, टंकलेली प्रत तेवढी वाचते. जोनाथन अखेरीस म्हणतो की या ढिगात अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ नाहीच. असल्या अचाट गोष्टीचा पुरावा म्हणून आम्ही हे कोणापुढे कसं ठेवणार? जो साक्षीदार उभा राहता क्षणी 'माझे कागद दुय्यम आहेत' म्हणतो, त्याची उलटतपासणी करण्यात मजा आहे, पण त्याला खोटं पाडण्यात हशील नाही.

आता कपोलाकडे येतो. घोडं खरं पेंड खातं ते इथे.

त्या चित्रपटाचं पूर्ण नाव 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला'. लेखकाचं नाव थेट शीर्षकातच आहे. ते मिरवायचं ठरवलं, तर त्या नावाला जागायला हवं. सुरुवातीला १४६२ सालचा व्लाद, म्हणजे पुढचा ड्रॅक्युला, त्याची बायको एलिझाबेटा, तिची नदीत उडी, आणि चारशे वर्षांनी मीनाच्या रूपात तिचं परत येणं. यातलं काहीही पुस्तकात नाही. तरीही माझी पहिली तक्रार ती नाही. भर घातली म्हणून पाप लागत नाही. नारायण धारपांची 'लुचाई' वाचून मी पंधरा दिवस खिडकी लावून झोपलो होतो. ती स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे हे पुढे कळलं, पण मूळ पुस्तक आणून ओळीला ओळ ताडून पाहावी असं कधी मनातही आलं नाही. तिचे नियम तिचे होते.

माझी तक्रार एका प्रसंगापुरती आहे. रात्री काउंट मीनाच्या खोलीत शिरतो आणि तिला आपलं रक्त पाजतो. कादंबरीत हा प्रसंग असा आहे: जोनाथन बिछान्यात गुंगीत पडलेला, जड श्वास घेत. शेजारी मीना. काउंटने एका हातात तिचे दोन्ही हात मागे ओढून धरलेत, दुसऱ्या हाताने तिची मान पकडून तिचं तोंड आपल्या छातीवरच्या जखमेवर दाबलंय. स्टोकर उपमा देतो ती अशी, की एखादं पोर मांजराच्या पिलाचं नाक बशीतल्या दुधात जबरदस्तीने खुपसतं तसं. इतकी घरगुती, इतकी साधी उपमा, म्हणूनच अंगावर काटा येतो. नंतर मीना शुद्धीवर येऊन काय करते? नवऱ्याच्या अंगरख्याला आपल्या ओठांचं रक्त लागलं म्हणून मागे सरते, आपण बाटलो असं ओरडते.

चित्रपटात त्याच प्रसंगात काउंट स्वतःची खरी ओळख देतो. आपल्या जिवलग मैत्रिणीला यानेच मारलं हे मीनाच्या लक्षात येतं, ती त्याच्या छातीवर मुठी आपटते, आणि त्याच दमात म्हणते की माझं तुझ्यावर प्रेम आहे. मग उलट तो कचरतो, आणि ती हट्टाने त्याचं रक्त पिते.

पुस्तकात नाही, म्हणून हे मला खटकत नाही. चित्रपटाचा स्वतःचा पाऊण भाग त्याच्या विरोधात उभा आहे म्हणून खटकतं. आधीचा तासभर आपण ल्यूसीचं हाल हाल होऊन मरणं पाहिलेलं असतं. तिचं हसणं, तिचा चावटपणा, मीनाची आणि तिची मैत्री यांवर दिग्दर्शकाने सढळ हाताने वेळ घालवलेला असतो. हे दुःख आहे, याची किंमत आहे, असं तो आपल्याला पुन्हा पुन्हा सांगतो. आणि बिल द्यायची वेळ आली की चार मुठी आपटून हिशेब चुकता! जन्मोजन्मीचं प्रेम आहे ना, मग मैत्रिणीचा खून माफ. उन्हाची चूक शोधणाऱ्यांना ही चूक दिसत नाही, कारण इथे नियम पिशाचाचा मोडलेला नाही, माणसाचा मोडलाय.

यावरचा प्रतिवाद मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. पुस्तकातली मीनाही काउंटची कीव करते. ज्या जिवाने हे सगळं दुःख उभं केलं त्याची अवस्था सगळ्यात केविलवाणी आहे, असं ती त्या पुरुषांना ऐकवते. काउंटच्या चेहऱ्यावर अखेरच्या क्षणी शांती दिसली हेही तिनेच नोंदवलंय. म्हणजे कपोलाच्या प्रेमकथेचं बी स्टोकरच्याच मातीत पडलेलं होतं. खरंच होतं. आणि गंमत म्हणजे शेवटी मीना त्याच्या हृदयात शस्त्र खुपसते आणि मुंडकंही उडवते, म्हणजे स्टोकरने सोडलेलं भोक चित्रपटाने बुजवलं. पण करुणा आणि शरणागती यांत फरक आहे. पुस्तकातली मीना कीव करते ती कपाळावर डाग घेऊन, आपण बळी आहोत हे पक्कं ठाऊक असताना. म्हणून ती कीव मोठी वाटते. तिचं बळी असणंच काढून घेतलं तर त्या करुणेत उरतं काय?

मीना, अगदी शेजारच्या वाड्यात राहत असावी असं नाव, ही त्या कादंबरीतली सगळ्यात हुशार व्यक्ती आहे. लघुलिपी तिला येते, रेल्वेची वेळापत्रकं तिला पाठ आहेत, काउंट कोणत्या नदीने पळाला हे तर्काने तीच काढते. अशा बाईचा निर्णय पटकथेने इतक्या स्वस्तात विकावा, याचा मला अजून राग आहे.

याच्या उलट 'ट्वायलाइट'च्या शेवटच्या चित्रपटाचं मला कौतुक आहे, हे वाचून काही जण मला वाळीत टाकतील. २००८च्या कादंबरीत सगळी पिशाचं बर्फाळ मैदानात समोरासमोर येतात, बोलतात आणि घरी जातात. २०१२च्या चित्रपटात तुंबळ लढाई होते, लाडक्या पात्रांची मुंडकी उडतात, आणि मग कळतं की हे ॲलिस नावाच्या पिशाचिणीने दाखवलेलं भविष्य होतं. पुस्तकाशी ताडलं तर ही बनवाबनवी. पण ॲलिसला भविष्य दिसतं हे पहिल्या भागापासून सांगितलेलं आहे, आणि ती ते ज्याला दाखवते त्याला हाताच्या स्पर्शाने दुसऱ्याच्या मनातलं सगळं कळतं, हेही दुसऱ्या भागात सांगून झालेलं. दोन्ही नियम आधी मांडलेले, वापरले तेव्हा बरोबर लागू पडलेले. खुद्द कादंबरीची गडबड जास्त मोठी आहे. पिशाचाचं शरीर गोठलेलं, बदल न होणारं असतं, असं तीन पुस्तकं सांगायचं आणि चौथ्यात त्याला मूल होऊ द्यायचं. लेखिकेने पुस्तकाबाहेर खुलासे दिले. पुस्तकाबाहेर दिलेला खुलासा म्हणजे जेवणं आटोपल्यावर आणलेलं मीठ.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याच्या चकल्या संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला १९३१चा, बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' दाखवला. ट्रान्सिल्व्हेनियातल्या त्या किल्ल्यात आर्माडिलो हिंडताना दिसतात, अमेरिका खंडातला प्राणी! त्यावर तो खूप हसला, फोनवर मित्रांना कळवूनही टाकलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण ल्यूसीकडे लक्ष ठेव. ती मरते, पिशाच होते, लहान मुलांना भुलवून त्यांचं रक्त पिते. मीना रडत रडत तिच्याविषयी सांगते, आणि व्हॅन हेल्सिंग तिला शब्द देतो की आजच्या रात्रीनंतर ल्यूसीच्या आत्म्याला शांती लाभेल.

मग काउंट मरतो, चर्चच्या घंटा वाजतात, मीना आणि जॉन (या चित्रपटात जोनाथनचा जॉन झालाय) जिना चढून उजेडात जातात, आणि चित्रपट संपतो. त्याच सेटवर रात्रपाळीत जी स्पॅनिश आवृत्ती चित्रित झाली, तिच्यात निदान व्हॅन हेल्सिंग ते काम उरकून कबरस्तानातून बाहेर पडताना दिसतो. इंग्रजीत काहीच नाही. भाच्याने शेवटची दहा मिनिटं मागे नेऊन पुन्हा पाहिली.

"मामा, ल्यूसीचं काय झालं?"

"ती अजून मोकळीच आहे," मी म्हटलं.